घडीच्या चाकूचा खटका कशावर टिकतो?

गेल्या सप्टेंबरात दिंडोरीकडच्या आमच्या द्राक्षबागेत कलमं चालू होती. डॉगरिजच्या खुंटावर पाचर कलम. चुलतभाऊ उकिडवा बसून खुंट चिरत होता, मी शेजारी बसून कलमाला गुंडाळायची पट्टी कापून देत होतो. एका खुंटात चाकू जरा खोल गेला आणि अडकला. सोडवायला त्याने सवयीने मनगट वरखाली हलवलं, आणि पातं मिटलं. तर्जनीच्या मधल्या पेरावर. चार टाके पडले. चाकू नवाच होता, दोन महिन्यांचा. हातात घेतला की वजनदार लागायचा आणि उघडताना ‘खट्ट’ असा भरीव आवाज करायचा.

“दादा, लॉक लागलं होतं. मी स्वतः आवाज ऐकला,” दवाखान्याच्या बाकावर बसून तो पुन्हा पुन्हा सांगत होता. आणि ते खरंच होतं. खटका लागला होता, पण टिकला नाही. लागणं आणि टिकणं यांच्यामध्ये नेमकं काय असतं, हे तेव्हापासून माझ्या डोक्यातून जाईना. मी नाशकातल्या अंबडच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवायच्या विभागात, काम करतो. दुसऱ्या दिवशी तो चाकू डब्याच्या पिशवीतून कामावर नेला आणि जेवणाच्या सुट्टीत खोलला.

आधी एक गोष्ट सांगतो, जी बऱ्याच जणांच्या लक्षात आलेली नसते. रोजच्या कापाकापीत खटक्याला जवळपास काहीच काम नसतं. दोरी कापा, पेरू कापा, गोणीची शिवण उसवा. या सगळ्यात जोर येतो धारेवर, आणि तो जोर पात्याला आणखी उघडायला बघतो. त्याला अडवतो तो स्टॉप, म्हणजे पातं पूर्ण उघडल्यावर जिथे टेकतं ती पिन किंवा मुठीतला खांदा. खटका नुसता उभा असतो. त्याच्यावर भार येतो तो पात्याच्या पाठीवर दाब आल्यावरच: अडकलेलं पातं हलवून सोडवताना, टोकाने भोक पाडताना, किंवा हात निसटून पाठ कशावर तरी आपटल्यावर. म्हणून वाईट खटक्याचा चाकूसुद्धा वर्षानुवर्षं चांगला म्हणून वापरला जातो. त्याची परीक्षाच झालेली नसते.

आता तो भार किती, ते बघू. पहारीने दगड उचकटताना आपण लांब टोकाला धरतो आणि आखूड टोकाकडे दगड हलतो. चाकूत हीच तरफ आपल्याविरुद्ध चालते. पातं ज्या पिनवर फिरतं तिथपासून साधारण ६ सेंटिमीटरवर पाठीवर दाब आला असं धरा. खटका पात्याच्या बुडाला, म्हणजे पात्याच्या मुठीतल्या टोकाला, जिथे टेकतो ती जागा पिनपासून जेमतेम ६ मिलिमीटरवर असते. म्हणजे दहापट. मनगटाने ८ किलोचा जोर लावला की खटक्याच्या टोकावर ८० किलो येतात. एक मोठं माणूस त्या एवढ्याशा कोपऱ्यावर उभं राहिल्यासारखं. ती जागा पिनपासून ६ ऐवजी ४ मिलिमीटरवर असेल तर तोच जोर १२० किलो होतो. पोलाद बदललेलं नाही, जाडी बदललेली नाही, फक्त २ मिलिमीटर इकडचे तिकडे झाले. पातं लांब आणि बूड बारीक असलेला चाकू दिसायला ऐटदार असतो, पण हिशोबात तो पहिल्याच पायरीवर मार खातो.

हे ८० किलो किती जागेवर पसरतात, हा पुढचा प्रश्न. भावाचा चाकू लायनर लॉकचा होता. हा प्रकार आज बाजारात सगळीकडे दिसतो. मुठीच्या आतल्या पत्र्याचा एक भाग चिरून आत वाकवलेला असतो. पातं उघडलं की ती पट्टी स्प्रिंगसारखी बाजूला सरकते आणि तिचं टोक पात्याच्या बुडाखाली टेकू देतं. मायकेल वॉकर या अमेरिकी कारागिराने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला याला आजचं रूप दिलं. ही पट्टी १.२ मिलिमीटर जाड होती. तिचं टोक पूर्ण रुंदीने, समजा ३ मिलिमीटर लांबीत, टेकलं तर साडेतीन चौरस मिलिमीटरच्या वर जागा मिळते. दर चौरस मिलिमीटरला २२ किलोच्या आसपास. साधं माइल्ड स्टीलसुद्धा २५ किलोपर्यंत कायमचं वाकत नाही, म्हणजे स्प्रिंगच्या पट्टीला हे जड नाही.

पण ती पूर्ण टेकते का? टूलरूममध्ये दोन पृष्ठभाग एकमेकांना किती लागतात हे बघायला आम्ही ब्लू लावतो. निळ्या रंगाचा अगदी पातळ थर बोटाने एका भागावर पुसायचा, दुसरा भाग त्यावर टेकवायचा आणि उचलून बघायचं, निळं कुठे उमटलं. मी पात्याच्या बुडाला ब्लू लावला, चाकू हलक्या हाताने उघडला, मिटला आणि पट्टीचं टोक भिंगाखाली धरलं. सगळी पट्टी कोरडी. फक्त एका कोपऱ्यात, मोहरीच्या दाण्याच्या पावभर असेल, एवढा निळा ठिपका. त्याच ठिपक्यावर पत्रा चेपून चकाकत होता. जागा अर्धा चौरस मिलिमीटरसुद्धा नव्हती. म्हणजे ८० किलोला १६० किलो दर चौरस मिलिमीटर. एवढ्यात मऊ पत्रा चेपणारच, आणि चेपला की त्याला उतार मिळतो, उतार मिळाला की तो सरकतो. तो भरीव ‘खट्ट’ आवाज या एका कोपऱ्याचा होता. आवाजावरून खटक्याबद्दल काहीही कळत नाही, हे मी तेव्हाच भावाला फोन करून सांगितलं.

तरीही माझ्या मते खरा गुन्हेगार तो ठिपका नव्हता. खरा गुन्हेगार कोन होता, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळी गंमत या कोनातच आहे.

लायनर पट्टी बुडाला सरळ काटकोनात टेकत नाही. बुडाला मुद्दाम थोडा तिरपेपणा दिलेला असतो. त्यामुळे पट्टी पाचरीसारखी आत शिरते, मधली फट भरून काढते, आणि पुढे झीज झाली की आणखी थोडी आत जाऊन पुन्हा घट्ट बसते. कल्पना फारच सुंदर आहे. पण तिरप्या जागेवर दाब आला की त्याचा काही भाग पट्टीला बाहेर ढकलतो. तिला धरून ठेवतं ते घर्षण. कोन लहान असेल तर घर्षण जिंकतं आणि पट्टी जागेवर राहते, कितीही दाबा. कोन मोठा झाला की दाब जिंकतो, मग पट्टी निसटते.

नाशकातल्या कुठल्याही मशिनवाल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. ड्रिल मशिनचा मोर्स टेपर, म्हणजे ड्रिल बसवायचा निमुळता दांडा, आठवा. स्लीव्ह हाताने ठोकली की बसते, बोल्ट नाही, काही नाही, आणि काढायला ड्रिफ्ट, म्हणजे चपटी पाचर, ठोकावी लागते. तिथे एका बाजूचा कोन दीड अंशाच्या आसपास असतो. आता व्हीएमसीचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशिनचं, हत्यार धरणारं बीटी फोर्टी होल्डर घ्या. तेही टेपरच, पण एका बाजूचा कोन सव्वाआठ अंशांच्या थोडा वर. हे होल्डर स्वतःच्या जोरावर स्पिंडलमध्ये राहतच नाही. त्याला मागून ड्रॉबारने ओढून धरावं लागतं आणि सोडलं की ते सहज सुटतं. टूल पटापट बदलता यावं म्हणून ते मुद्दाम तसं केलंय. दीड अंश धरतो, सव्वाआठ अंश सोडतो. पोलादावर पोलाद, किंचित ओशट, घर्षणाचा अंक ०.१५ च्या आसपास धरला तर धरणं आणि सुटणं यांमधली सीमा साडेआठ अंशांच्या जवळ येते. पृष्ठभाग तेलकट झाला आणि अंक ०.१० वर उतरला की सीमा सहा अंशांच्याही खाली जाते.

चांगले कारागीर लायनर लॉकचा हा कोन ७ ते ८ अंशांच्या आसपास ठेवतात. म्हणजे सीमेच्या अगदी कडेवर. फार कमी ठेवला तर पट्टी इतकी घट्ट अडकते की मिटताना अंगठा दुखतो, म्हणून खाली जाता येत नाही. वर गेलात की धोका. अर्ध्या-एका अंशाचा खेळ आहे हा, आणि तो ग्राइंडिंग करणाऱ्या माणसाच्या हातात किंवा त्याच्या फिक्श्चरमध्ये असतो. कॅटलॉगमध्ये पोलादाचा नंबर छापतात, हा कोन कोणी छापत नाही.

भावाच्या चाकूचं पातं मी सुटं करून प्रोफाइल प्रोजेक्टरवर ठेवलं. पडद्यावर बुडाची वीसपट मोठी सावली आली. कडा सरळही नव्हती, मध्ये किंचित फुगलेली. रेषा जुळवून कोन वाचला, १२ अंश. १२ अंशांचा टॅन ०.२१, म्हणजे घर्षणाचा अंक निदान तेवढा हवा. तो धरायला जेवढं घर्षण लागेल तेवढं तिथे असण्याची शक्यताच नव्हती, त्यात पात्याला वेलीचं पाणी लागलेलं आणि आदल्या रात्री भावाने मायेने तेल घातलेलं. शेजारच्या मशिनवरचे काका येऊन पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “अरे, हे लॉक नाहीच. ही घसरगुंडी आहे.”

जाडीचाही संबंध आहे, तो नाकारत नाही. पट्टीवर भार लांबीच्या दिशेने येतो, खांबावर येतो तसा. असा पातळ खांब चिरडून मोडण्याआधी वाकून बाहेर जातो, आणि वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो. १.२ ऐवजी १.५ मिलिमीटर जाडी घेतली की तो जवळजवळ दुप्पट होतो. फ्रेम लॉकमध्ये, जो क्रिस रीव्ह यांच्या चाकूंमुळे जगभर गेला, आतली वेगळी पट्टी नसतेच. मुठीची एक अख्खी बाजूच चिरून खटका केलेली असते. तिथे आणखी एक मोठा फायदा मिळतो. मूठ आवळली की आपलीच बोटं त्या पट्टीला आत दाबतात. लायनर लॉकमध्ये उलटं होऊ शकतं: हात पिळला की मुठीच्या दोन बाजू एकमेकींपासून किंचित फिरतात आणि पट्टी टेकूवरून सरकायला वाव मिळतो. अडकलेला चाकू सोडवताना आपण नेमका हात पिळतोच. पण फ्रेम लॉकमध्येही पट्टी लवचीक व्हावी म्हणून मागे एक खाच घासून पातळ केलेली असते. वाकायची ती तिथेच वाकते. चाकू हातात घेतलात तर आधी ती खाच बघा.

टायटॅनियमच्या पट्ट्यांचं फार कौतुक ऐकू येतं. टायटॅनियम हलकं आहे, गंजत नाही, पण पात्याच्या कडक पोलादापेक्षा ते बरंच मऊ असतं आणि पोलादावर घासलं की चिकटून खरवडतं. म्हणून चांगले बनवणारे पट्टीच्या टोकाला पोलादाचा वेगळा तुकडा बसवतात. बसवला नसेल तर पट्टी वर्षागणिक आत आत सरकत जाते. पलीकडच्या बाजूला टेकेपर्यंत ती झीज भरून काढते, त्यानंतर पात्याला हालचाल येते.

झीज नेहमी वाईटच असते असं मात्र नाही. आपल्या तांबट आळीत भांडं मठारताना बघितलंय ना? ठोके पडत जातात तसं तांबं कडक होत जातं. खटक्याच्या टोकाचंही सुरुवातीला थोडंफार तसंच होतं. पहिल्या काहीशे उघडझापीत उंचवटे चेपतात, चेपलेली जागा कडक होते, टेकण्याची जागा रुंदावते आणि खटका एका ठिकाणी येऊन स्थिर होतो. चाकू हळू उघडत असाल तर हे नीट होतं. मनगटाच्या झटक्याने खाटखाट उघडायची हौस असेल तर तेच ठोके कोपरा चेपून टाकतात.

दुसरं मोठं घराणं म्हणजे बॅक लॉक. मुठीच्या पाठीत एक दांडी असते, मध्यावर पिन, एका टोकाला दात, दुसऱ्या टोकाखाली स्प्रिंग. पातं उघडलं की दात बुडाच्या खाचेत पडतो. मागचं टोक दाबलं की दात उचलला जातो. बक कंपनीच्या ११० नंबरने १९६४ पासून हा प्रकार जगभर लोकप्रिय केला. ताकदीला हा खटका दांडगा, कारण भार जाड दांडीवर आणि जाड पिनवर येतो, पातळ पत्र्यावर येत नाही. त्याचा कच्चा दुवा वेगळा. इथे पात्याची पिन, दांडीची पिन, दात आणि खाच, सगळ्यांची मापं एकमेकांवर अवलंबून असतात. प्रत्येक ठिकाणची थोडी थोडी चूक जमा होते. खाचेत पाच शतांश मिलिमीटर फट राहिली तरी साडेसात सेंटिमीटरच्या पात्याच्या टोकाला ती अर्धा मिलिमीटरच्या वर जाणवते. अँड्र्यू डेम्को यांनी यावर छान तोड काढली. त्यांनी खटका आणि पात्याचं बूड यांच्यामध्ये वेगळी स्टॉप पिन बसवली, म्हणजे भार त्या पिनवर जातो, आणि दांडीच्या पिनचं भोक किंचित सैल ठेवून दांडीला झिजेनुसार आपोआप बसायला जागा दिली. एका पिनने केवढा फरक पडतो!

बॅक लॉकमध्ये हातही आडवा येऊ शकतो. खूप आवळून धरलं की तळव्याचा फुगीर भाग मागच्या टोकावर पडतो आणि आपणच खटका सोडवतो. म्हणून चांगल्या चाकूंत त्या टोकावर एक खळगा दिलेला असतो. तो नसेल आणि चाकू ताकदीच्या कामाला घ्यायचा असेल, तर मी घेणार नाही.

माझा जीव मात्र कड्याच्या खटक्यावर आहे. फ्रान्सच्या साव्वा प्रांतात जोझेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये लाकडी मुठीचा साधा घडीचा चाकू केला, आणि १९५५ मध्ये त्याला पोलादी कडं मिळालं. पातं उघडायचं, कडं फिरवायचं, कड्याची फट बाजूला जाते आणि पात्याला मिटायची वाट बंद. यातली खुबी अशी की पात्याचा दाब एका दिशेला आणि कडं सुटायची दिशा त्याला आडवी. पाठीवर कितीही दाबलं तरी तो दाब कडं फिरवत नाही. कोनाचं नाजूक गणितच उरत नाही. उणीव म्हणजे कडं स्वतः फिरवावं लागतं, विसरलात तर खटका नाहीच, आणि पावसात लाकूड फुगलं की पातं हलता हलत नाही. बेंचमेडने १९९८ मध्ये आणलेला आडव्या दांड्याचा खटकाही याच बुद्धीचा: पात्याचं बूड आणि मूठ यांच्यात एक कडक दांडा अडकतो, तो कापला गेल्याशिवाय पातं मिटत नाही. त्याच्या तारेच्या स्प्रिंगा मात्र बारीक असतात.

आणि स्विस आर्मी नाइफसारख्या छोट्या चाकूंत बहुतेक वेळा खटका नसतोच, पाठीची कमान पातं धरते. तो चाकू वाईट नाही. उलट तो प्रामाणिक आहे, कारण धरणाऱ्याला माहीत असतं की हे मिटू शकतं, आणि बोटं आपोआप जपून राहतात.

दाब आणि ठोका यांत गल्लत करू नये. हळूहळू ८० किलो सोसणारा खटका छोट्याशा टिचकीने सुटू शकतो. अचानक ठोका बसला की सगळे भाग क्षणभर लवतात, एकमेकांपासून उडतात, आणि त्या क्षणी पट्टी किंवा दात जागेवर नसतो. स्प्रिंग जोरकस आणि टेकणं भरपूर असेल तर तो परत बसतो. म्हणून मी ताकदवान खटका आणि भरवशाचा खटका असे दोन वेगळे शब्द वापरतो. ताकद म्हणजे मोडायला किती लागतं, भरवसा म्हणजे न मोडता सुटतो का. भावाच्या चाकूचं काहीही मोडलं नव्हतं. शेतातले बहुतेक अपघात असेच होतात, मोडून नाही, सुटून.

भरवशाचा सगळ्यात मोठा शत्रू आपल्या बागेतच असतो. माती, बोर्डोच्या फवारणीचा वाळलेला थर, काडीचा भुसा. बॅक लॉकच्या खाचेत ज्वारीच्या कणीएवढा खडा बसला तरी दात पूर्ण खाली जात नाही; वरवर लागल्यासारखा वाटतो आणि निम्म्या खोलीवर उभा राहतो. पिनचा स्क्रू सैल झाला की पातं आडवं हलतं आणि लायनर पट्टी बुडावर दर वेळी नव्या जागी टेकते.

चाकू घेताना किंवा हंगामाआधी मी काय बघतो ते सांगतो. पातं हळू, अगदी हळू उघडतो, झटका न देता. तरीही खटका पूर्ण बसला पाहिजे. वेगाच्या जोरावर बसणारा खटका मला नको. मग उजेडाकडे धरून बघतो. लायनर पट्टीची पूर्ण जाडी बुडाखाली गेली आहे का? नुसती कड लागलेली असेल तर तो चाकू मी परत ठेवतो. टोक धरून वरखाली आणि आडवं हलवतो. नंतर बोटं पात्याच्या वाटेतून पूर्ण बाजूला ठेवून, मूठ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून, पात्याची पाठ घडी घातलेल्या टॉवेलवर हळूहळू दाबतो, आणि दाबताना हात थोडा पिळतोही. पट्टी केसभर जरी सरकताना दिसली तरी निकाल लागला. टेबलावर पाठ दणादण आपटून बघणारे असतात, तसं करू नका; चांगला खटका त्याने खराब होतो. बुडाचा कोन घरी घासून दुरुस्त करायच्या फंदातही पडू नका. मलाही तो मोह झाला होता. पण कडक बुडावरचे दोन शतांश काढताना स्टॉपचं, मिटण्याचं आणि टेकण्याचं असं सगळंच माप हलतं. तो चाकू मी भावाच्या परवानगीने पातं काढून ठेवून दिला.

तेल मात्र जपून. एक थेंब फक्त पिनवर, वॉशरजवळ. खटक्याचं टोक आणि बूड कापडाने पुसून कोरडं.

यंदा आम्ही कलमांना न मिटणारे चाकू घेतले, रेक्झिनच्या म्यानासकट. खुंट चिरायला तेच बरे, तिथे घडीची गरजच नसते. घडीचा चाकू भाऊ कलमाची पट्टी कापायला वापरतो, कड्याचा. पहिल्या दिवशी मी लांबून बघत होतो. त्याने पातं उघडलं, कडं फिरवलं, टाक्यांची खूण असलेल्या बोटाने कडं आणखी एकदा पुढे रेटून बघितलं, आणि मग पट्टीला हात घातला.